ब्रुअरीच्या अंगणातील स्मॅश बर्गर : कायदा, तवा आणि सामायिक मेज

प्रस्तावना

खाद्यसंस्कृतीचा अभ्यास करताना आपण बहुधा पदार्थाकडे पाहतो. पदार्थ जेथे खाल्ला जातो त्या जागेकडे आणि ती जागा घडविणाऱ्या नियमांकडे तुलनेने कमी लक्ष जाते. अमेरिकेतील लहान ब्रुअऱ्यांच्या, म्हणजे बिअर तयार करणाऱ्या कारखान्यांच्या, मोकळ्या अंगणात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक ठरावीक दृश्य रूढ झाले आहे. जुन्या गोदामाच्या मागील बाजूस खडी पसरलेली असते, लांब लाकडी बाकडी मांडलेली असतात आणि एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीवर किंवा लहानशा खिडकीत एक तापलेला लोखंडी तवा दिसतो. त्यावर मांसाचा गोळा दाबून, चपटा करून, कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजला जातो. हाच स्मॅश बर्गर होय.

बिअर ब्रुअरीची आणि बर्गर दुसऱ्याच कोणाचा, ही विभागणी प्रथमदर्शनी केवळ व्यावसायिक सोय वाटते. वस्तुतः तिच्यामागे दोन शतकांहून अधिक काळाचा कायद्याचा इतिहास आहे. बिअर विकणाऱ्याने अन्न विकावे की नाही, या प्रश्नाची वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली गेली आणि त्या उत्तरांनीच अशा अंगणातील जेवणाचे स्वरूप ठरविले, असा विचार प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. मद्यपानाचा पुरस्कार हा या लेखाचा हेतू नाही, हे आरंभीच नमूद करणे उचित ठरेल.

तळघरावरची सावली

बिअर गार्डनचे मूळ जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, विशेषतः म्युनिक शहरात आहे. तेथील लागर जातीची बिअर कमी तापमानात, साधारण दहा अंश सेल्सिअसच्या आसपास आंबवावी लागते. उन्हाळ्यात ती नासत असे. शिवाय भट्ट्यांमुळे आगीचे भय असे. म्हणून सोळाव्या शतकात बव्हेरियाच्या शासकांनी उन्हाळ्यात बिअर तयार करण्यास मनाई केली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच काळ उत्पादनास मोकळा राहिला. साहजिकच उन्हाळ्यासाठी लागणारी बिअर वसंतापूर्वी करून साठविणे भाग पडले. त्यासाठी इझार नदीच्या उंच काठावर खोल तळघरे खोदली गेली, त्यांत हिवाळ्यातील बर्फ भरला गेला. जमिनीवर ऊन पडून तळघर तापू नये म्हणून वर खडी पसरली आणि हॉर्स चेस्टनटची झाडे लावली. या झाडांची पाने रुंद असतात आणि मुळे फार खोल जात नाहीत; तळघराच्या छताला त्यांचा उपद्रव होत नाही. ज्या सावलीखाली आज पर्यटक छायाचित्रे काढतात ती मुळात माणसांसाठी नव्हती, पिंपांसाठी होती.

ग्राहक तळघरापर्यंत येऊ लागले आणि तेथेच बसून पिऊ लागले, तेव्हा शहरातील खानावळवाल्यांनी तक्रार केली. त्यावर राजा पहिला माक्सिमिलियन योझेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी तडजोडीचा आदेश काढला. जून ते सप्टेंबर या महिन्यांत बिअर उत्पादकांना आपल्या तळघरापाशी स्वतःची बिअर किरकोळीने विकता येईल आणि सोबत पाव देता येईल. अन्य कोणतेही अन्न मात्र देता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. परिणामी लोक घरून पुडीत मुळा, चीज, सॉसेज बांधून आणू लागले. या शिदोरीला बव्हेरियन लोक ‘ब्रोटझाइट’ म्हणतात. पुढे अन्नविक्रीवरील मनाई राहिली नाही, पण शिदोरी आणण्याची रीत टिकली आणि यथावकाश तिला हक्काचे रूप आले.

हा हक्क किती जिवंत आहे याचे प्रत्यंतर १९९५ साली आले. म्युनिकजवळच्या ग्रोसहेसेलोहे येथील एका बागेविरुद्ध शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली आणि न्यायालयाच्या निर्णयामुळे ती बाग रात्री साडेनऊला बंद करण्याची वेळ आली. १२ मे १९९५ रोजी हजारो नागरिक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. अखेरीस २० एप्रिल १९९९ रोजी राज्य शासनाने बिअर गार्डनसंबंधी नियम जारी केले आणि रात्री अकरापर्यंतची मुभा दिली. या नियमांच्या स्पष्टीकरणात बिअर गार्डनची लक्षणे सांगताना दोन गोष्टींवर भर दिलेला आहे : एक, जागेचे बागेसारखे स्वरूप, आणि दुसरी, घरून आणलेले अन्न तेथे विनामूल्य बसून खाण्याची सोय. मद्यविक्रीच्या जागेची ओळख ग्राहकाच्या डब्यावरून ठरावी, ही कायद्याच्या इतिहासातील मोठी मनोज्ञ गोष्ट म्हटली पाहिजे.

अटलांटिकपलीकडे

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर, जर्मन स्थलांतरितांनी ही रीत अमेरिकेत नेली. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुईस, शिकागो या शहरांत रविवारी दुपारी आई-वडील, मुले, आजी-आजोबा असे सारे कुटुंब बागेत जाऊन बसे, वाद्यवृंद ऐके. न्यूयॉर्कच्या बावरी भागात १८५८ साली उघडलेले अटलांटिक गार्डन याच परंपरेतले. स्थानिक अमेरिकनांना मात्र रविवार हा प्रार्थनेचा दिवस म्हणून परिचित होता आणि मद्यपान म्हणजे सलूनच्या झुलत्या दारामागची पुरुषांची गोष्ट होती. १८५५ साली शिकागोचे महापौर लेव्हाय बून यांनी परवाना शुल्क ५० डॉलरवरून ३०० डॉलर केले आणि रविवारच्या बंदीची सक्त अंमलबजावणी सुरू केली. त्यातून २१ एप्रिल १८५५ रोजी तेथे दंगल उसळली. तिला ‘लागर बिअर दंगल’ असे नाव आहे. वाद दारूचा होता, तसाच तो दारू कोणी, कोठे, कोणासमवेत प्यावी याचाही होता.

सलूनमध्येही अन्न होतेच. बिअरच्या पेल्यासोबत फुकट जेवण देण्याची प्रथा तेथे रूढ होती. हे पदार्थ मुद्दाम खारट असत, कारण तहान वाढावी. बरीचशी सलून्स बिअर कंपन्यांच्या पैशावर चालत आणि मालकाला त्याच कंपनीची बिअर विकावी लागे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात सलून आणि बाग दोन्ही बंद पडली. बंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता यांना कायद्याने वेगळे केले. सलूनचा जुना अनुभव लक्षात घेता ही खबरदारी समजण्यासारखी होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की बिअर तयार करणाऱ्याला आपल्याच दारात पेला भरून विकता येईना. म्हणजे बव्हेरियाच्या राजाने १८१२ साली जे दिले होते तेच अमेरिकेत हिरावले गेले.

हा बंध हळूहळू सैल झाला. १९८२ साली वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे बर्ट ग्रँट यांनी बंदीनंतरचे पहिले ब्रूपब सुरू केले. तेथे बिअरही तेथलीच आणि स्वयंपाकघरही तेथलेच. पुढे अनेक राज्यांत हाच नमुना रुजला. स्वयंपाकघर उभारणे मात्र खर्चिक असते : धुराडे, अग्निशमन व्यवस्था, शीतगृह, आचारी. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या लहान ब्रुअरीला ते परवडत नसे. या दृष्टीने व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे १ जुलै २०१२ पासून लागू झालेल्या कायद्याने ब्रुअरीला जोडून उपाहारगृह नसतानाही आपल्या जागेत पेल्याने बिअर विकण्याची मुभा दिली. टेक्सासनेही २०१३ मध्ये उत्पादक ब्रुअऱ्यांना मर्यादित प्रमाणात अशीच सवलत दिली. व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड येथील स्कॉट्स अ‍ॅडिशन या जुन्या औद्योगिक भागातील गोदामांत त्यानंतर एकापाठोपाठ एक ब्रुअऱ्या निघाल्या. बिअर आली, अंगण आले, माणसे आली. अन्न मात्र नव्हते. ती पोकळी फिरत्या खाद्यगाड्यांनी भरून काढली.

तव्यावरील तीन मिनिटे

अशा गाडीला कोणता पदार्थ सोयीचा? जागा अपुरी, इंधन मोजके, मनुष्यबळ दोघा-तिघांचे, आणि संध्याकाळी सहानंतर एकाच वेळी उसळणारी गर्दी. जाड बर्गर भाजण्यास आठ-दहा मिनिटे लागतात आणि तो आतून कितपत शिजला याचा अंदाज अनुभवी हातालाच येतो. स्मॅश बर्गर दोन-तीन मिनिटांत होतो आणि त्याला एका तव्यापलीकडे फारसे काही लागत नाही.

तंत्र नवे नाही. कॅन्सस राज्यातील विचिटा येथे १९२१ साली स्थापन झालेल्या व्हाइट कॅसलचे पातळ चौकोनी बर्गर आणि ओक्लाहोमातील एल रेनो गावचे कांदा बर्गर ही त्याची पूर्वरूपे होत. एल रेनोमध्ये १९२० च्या दशकात, चणचणीच्या दिवसांत, थोडे मांस पुरवून नेण्यासाठी त्यात बारीक चिरलेला कांदा दाबून भरत. गरजेपोटी केलेली ही युक्ती पुढे चवीसाठी मान्यता पावली. अन्नाच्या इतिहासात असे वारंवार घडते. २००७ साली डेन्व्हरमध्ये ‘स्मॅशबर्गर’ नावाची साखळी सुरू झाली आणि क्रियापदाचे नाव झाले. ही साखळी आज फिलिपिन्समधील जॉलिबी या कंपनीच्या मालकीची आहे.

कृती अशी. साधारण वीस टक्के चरबी असलेले, सैलसर दळलेले गोमांस घेऊन त्याचे ५५ ते ९० ग्रॅमचे गोळे करतात. ते मळत नाहीत आणि त्यांत आधी मीठही मिसळत नाहीत. कारण मिठाने मांसातील प्रथिने विरघळून एकमेकांना चिकटतात आणि पोत सॉसेजसारखा चिवट होतो. तवा २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. गोळा टाकताच पहिल्या अर्ध्या मिनिटात तो जोराने दाबून सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचा करतात. हीच वेळ का, याचे उत्तर चरबीत आहे. थंड गोळ्यातील चरबी अद्याप घट्ट असते, म्हणून दाबले तरी रस बाहेर येत नाही. तोच गोळा दोन मिनिटांनी दाबला तर वितळलेली चरबी आणि रस तव्यावर वाहून जातील आणि मांस कोरडे पडेल. ‘बर्गर कधी दाबू नये’ हा पाकशास्त्रातील जुना नियम आणि स्मॅश बर्गर यांच्यात भासणारा विरोध एवढ्या एका मिनिटाच्या फरकाने मिटतो.

दाबल्यामुळे मांसाचा संपूर्ण पृष्ठभाग लोखंडाला भिडतो. पृष्ठभागावरील पाणी उडून गेले की तापमान शंभर अंशांच्या वर चढते आणि साधारण १४० अंशांपासून अमिनो आम्ले व शर्करा यांच्यातील अभिक्रियेला वेग येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. आपल्याकडे भाकरीच्या पापुद्र्यावरचे डाग, थालीपिठाची खरपूस कड किंवा भाताच्या पातेल्याच्या बुडाशी धरलेली खरवड हा याच रसायनाचा प्रसाद. थालीपीठ थापणाऱ्या हाताला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही : जितके पातळ थापावे तितकी कड अधिक, आणि चव कडेलाच असते.

त्यानंतर धारदार कालथ्याने तळाचा थर न फाटता खरवडून काढणे हे खरे कौशल्य होय. नवशिक्याच्या हातून ही खरपूस कड तव्यालाच चिकटून राहते. उलटल्यावर वर प्रक्रिया केलेल्या चीजची चकती ठेवतात. या चीजला अभिजन नाके मुरडतात. परंतु त्यातील सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षारांमुळे ते तेल न सोडता एकजीव वितळते आणि दोन पातळ थरांना जोडून ठेवते. त्या जागी उत्तम जुने चेडार घातले तर ते फुटून तेलकट होते. येथे स्वस्त वस्तूच योग्य वस्तू आहे.

बिअरशी या पदार्थाचे जमते त्याचेही कारण शोधता येते. बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळविताना जो रंग आणि गंध येतो तोही मायार अभिक्रियेचाच. पेल्यातील भाजका गंध आणि तव्यावरील खरपूसपणा असे एकाच कुळातील निघतात. हॉप्सचा कडवटपणा आणि बिअरमधील वायू जिभेवरचा स्निग्धपणा कापतात. मात्र फार कडू बिअर बर्गरच्या खारटपणावर कुरघोडी करते. साधी पिल्सनर त्यासोबत अधिक शोभते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंगणातील जेवण

उन्हाळी सुट्टीत बंधूंकडे व्हर्जिनियात राहण्याचा योग आला तेव्हा अशी काही अंगणे जवळून पाहता आली. तेथील व्यवहाराची एक शिस्त असते. बिअरची रांग वेगळी, बर्गरची वेगळी, आणि पैसेही वेगळेच द्यावे लागतात. कारण दोन्ही दुकाने भिन्न मालकांची. नाव सांगून परत येऊन बसावयाचे आणि नाव पुकारले की उठावयाचे. वाढपी नाही, मेजावर कापड नाही, बशी नाही. कागद अंथरलेल्या तबकात बर्गर येतो आणि कागदावर लगोलग तेलाचे पारदर्शक डाग उमटतात.

स्मॅश बर्गर थांबत नाही. पाव मिटला की आतील वाफेने कडा मऊ पडू लागतात आणि पाच-सात मिनिटांत तव्यावरचे सारे श्रम वाया जातात. म्हणून तो जेथे केला तेथेच खावा लागतो. घरी नेण्याचा तो पदार्थच नाही. दूरध्वनीवर मागवून दारात जेवण घेण्याच्या आजच्या काळात, माणसाला घराबाहेर काढून बाकावर अनोळखी शेजाऱ्याच्या कोपराशी बसविणारा हा पदार्थ त्यामुळेच विचार करण्याजोगा वाटतो. लांब बाकाचे अर्थकारण स्पष्ट आहे, कमी जागेत अधिक माणसे. परंतु त्याचा सामाजिक परिणाम वेगळाच होतो. आमच्या मेजाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध दांपत्य होते, मध्ये तान्हे मूल घेऊन आलेले तरुण जोडपे होते, खाली कोणाचा तरी कुत्रा पडलेला होता. मुले खडीत खेळत होती. कोणी आवाज चढविला तर दहा कुटुंबांचे लक्ष जाई. मद्यपानावर हा पहारा कायद्याहून अधिक परिणामकारक असावा.

तेथील मराठी कुटुंबांपुढे प्रश्न गोमांसाचा येतो. काही कुटुंबांतील तरुण ते खातात, वडीलधारे बटाट्याचे तळलेले काप घेऊन बसतात, कोणी वनस्पतीजन्य टिक्कीचा बर्गर मागवितात. ती टिक्की त्याच तव्यावर भाजली जाते की वेगळ्या, ही विचारणा आमच्या वहिनींनी खिडकीपाशी जाऊन केली तेव्हा आतील मुलाने प्रामाणिकपणे ‘त्याच’ असे सांगितले. सामायिक मेजावर सर्वांना जागा असते. सामायिक तव्यावर तशी असेलच असे नाही.

परमिट रूम आणि अंगण

महाराष्ट्रात मद्यपानाच्या जागेचे नाव कायद्यातूनच आले आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने (आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) मद्य पिण्यास परवाना आवश्यक ठरविला आणि ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत कायमचा वस्तीला आला. या खोलीची वास्तू तिच्या नावास साजेशी असते : काळी काच, पडदा, मंद दिवा. तेथील अन्नाला आपण जेवण म्हणत नाही, चखणा म्हणतो. शेंगदाणे, चकली, मसाला पापड. जुन्या अमेरिकन सलूनमधील खारट फुकट जेवणाशी त्याचे नाते उघड आहे, तहान वाढविणे हेच त्याचे कार्य. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या दूलालीपासून आपल्याकडेही लहान ब्रुअऱ्या आल्या, त्यांच्यापैकी काहींत मोकळी बैठकही आहे. गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून राज्यात बंदी असल्याने येथील स्मॅश बर्गर म्हशीच्या मांसाचा, मटणाचा किंवा कोंबडीचा असतो. कोंबडीत चरबी कमी. तिची कड धरते खरी, पण ती लवकर कोरडी पडते. तथापि बिलाचा आकडा पाहता ही स्थळे परमिट रूमच्या ग्राहकासाठी नाहीत. अंधारातील खोली कष्टकऱ्याला आणि उजेडातील अंगण सुस्थितांना, अशी वाटणी आपल्याकडे होऊन बसली आहे. कष्टकऱ्याच्या पत्नीला आणि मुलांना त्या खोलीत स्थान नाही, आणि तिच्या भिंतीआड किती रक्कम खर्च झाली याला साक्षीदारही नाही.

अमेरिकेतील अंगणही सर्वांना परवडते असे नव्हे. दोन मोठी माणसे आणि दोन मुले यांचे तेथील एका संध्याकाळचे खाणेपिणे मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला सहज झेपणारे नाही. खाद्यगाडीवाल्याची स्थितीही नाजूक असते. पाऊस आला की त्याची विक्री बुडते, आणि ब्रुअरीने स्वतःचे स्वयंपाकघर काढण्याचे ठरविले तर त्याला जागा सोडावी लागते. बव्हेरियात शिदोरीच्या रीतीला शासकीय नियमांचा आधार आहे. अमेरिकेत ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. गाडी नसलेल्या दिवशी अनेक ब्रुअऱ्या बाहेरचे अन्न आणू देतात, आणि गाडी उभी असली की काहींच्या दाराशी ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ असा फलक लागतो. म्युनिकच्या बागांत अशा फलकाची गरज पडत नाही. तेथे कापड अंथरलेल्या मेजावर वाढपी येतो, आणि उघड्या लाकडी मेजावर कोणीही घरचा डबा उघडून बसतो.